वाटणीत आलेली हार्ड डिस्क

आमच्या दुकानातल्या कम्प्युटरला तीन ड्राइव्ह होते. सी म्हणजे विंडोज, डी म्हणजे आण्णा आणि ई म्हणजे तात्या. 2007 साली सांगलीहून असेंबल करून आणलेल्या त्या मशीनमध्ये 80 जीबीची डिस्क होती. मशीन जोडणाऱ्या पोरानं कुणाला न विचारता तिचे तीन तुकडे पाडून दिले. तेव्हा पद्धतच तशी होती. विंडोज बिघडली की सीला फॉरमॅट मारायचा, बाकी दोन्हीकडचं काम सुखरूप. आण्णा म्हणजे माझे वडील, तात्या म्हणजे धाकटे काका. दोघांनी एकेक ड्राइव्ह धरला आणि पुढची सतरा वर्षं तो त्यांच्याच नावानं ओळखला गेला. लहानपणी मला वाटायचं, जगातल्या सगळ्या कम्प्युटरांत डी ड्राइव्ह थोरल्या भावाचा असतो.

दुकान आष्ट्यात. डीटीपी, झेरॉक्स, लग्नपत्रिका, लेटरपॅड, पावतीपुस्तकं. अशा दुकानाची खरी इस्टेट काय असते हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. मशीन नव्हे, गाळाही नव्हे. इस्टेट म्हणजे जुन्या फायली. गिऱ्हाईक येतं ते असं म्हणत येतं, "गेल्या वर्षीचंच काढा, फकस्त तारीख बदला." गणेश मंडळाचं पावतीपुस्तक, यात्रेची पत्रिका, शाळेचा प्रवेश अर्ज, ऊसवाहतुकीच्या टोळीचं हजेरीपत्रक. ज्याच्याकडे गेल्या वर्षीची फाईल, त्याच्याकडे गिऱ्हाईक. आमच्याकडे सतरा वर्षांच्या फायली होत्या.

2024 च्या दिवाळीत घरात वाटणी झाली. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. दोन्हीकडची पोरं मोठी झाली होती, घर पुरत नव्हतं, एवढंच. शेत दोन एकर बारा गुंठे, म्हणजे 92 गुंठे. 46 इकडे, 46 तिकडे. जुना गाळा आण्णांना. तात्यांनी रस्त्याच्या पलीकडे नवा गाळा घ्यायचा आणि त्याच्या डिपॉझिटचा निम्मा भार आण्णांनी उचलायचा. हे सगळं एका दुपारीत ठरलं. मग तात्या म्हणाले, "आणि ई ड्राइव्ह माझा हाय. तेवढा काढून दे मला, वाद नगं."

मी पुण्याहून सुट्टीला आलेलो. घरातला कम्प्युटर इंजिनिअर मीच, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मोजणी करणाऱ्याकडे बघतात तसं.

ड्राइव्ह काढून देता येत नाही, हे समजावून सांगायला मला सबंध संध्याकाळ लागली. ते इथंही सांगतो, कारण आपल्यापैकी बरेच जण लॅपटॉपमध्ये सी आणि डी रोज बघतात आणि आत खरोखर दोन कप्पे असतील असं धरून चालतात.

डिस्कच्या आत भिंत नसते. गोल फिरणाऱ्या चकत्या असतात आणि त्यांच्यावर सेक्टर. आमच्या 80 जीबीच्या डिस्कवर 15 कोटी 63 लाख 1 हजार 488 सेक्टर होते, प्रत्येक 512 बाइटचा. पार्टिशन कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे, हे फक्त लिहून ठेवलेलं असतं. लिहिलेलं असतं ते अगदी पहिल्या सेक्टरमध्ये. या 512 बाइटांपैकी पहिल्या 446 मध्ये कम्प्युटर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, त्याच्या शेपटाला डिस्कचा चार बाइटचा ओळख नंबर (हा पुढे लागणार आहे), मग 64 बाइटांचा तक्ता आणि शेवटचे दोन बाइट म्हणजे शिक्का. सगळी वाटणी त्या 64 बाइटांत. एका पार्टिशनला 16 बाइट, म्हणजे नोंदी फक्त चार. आयबीएमच्या कम्प्युटरसाठी 1983 साली आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीपासून हे असं चाललं.

तात्यांना मी म्हटलं, हा सातबारा समजा. फेरफार झाला म्हणून जमीन जागची हलत नाही, कागदावरचं नाव बदलतं. तसंच इथं. कुणी चुकून पार्टिशन डिलीट केलं तर डेटा जागेवर असतो, फक्त तक्त्यातली ओळ पुसली जाते. टेस्टडिस्कसारखा प्रोग्रॅम सबंध शिवार फिरून जुने बांध शोधतो आणि ओळ परत लिहून देतो. मात्र तोवर त्या जागेवर दुसऱ्या कुणी नांगर घातलेला नसावा.

"म्हंजे ह्या कागदावरच सगळं," तात्या म्हणाले. हल्ली तलाठ्याकडे खेटे घालून झालेले असल्यामुळे त्यांना ते पटकन पटलं.

चारच नोंदी म्हणजे फार कमी, हे लवकरच लक्षात आलं. मग एक युक्ती निघाली. चारपैकी एक नोंद 'एक्स्टेंडेड' म्हणून ठेवायची आणि तिच्या पोटात हवी तेवढी लॉजिकल पार्टिशनं करायची. पोटहिस्सेच म्हणा. पण त्यांची यादी एका जागी नसते. पहिल्या पोटहिश्शाच्या तोंडाशी एक छोटा तक्ता असतो. त्यात स्वतःची हद्द आणि पुढचा तक्ता कुठे आहे त्याचा पत्ता. आमच्या मशीनमध्ये सी ही मुख्य नोंद होती, डी आणि ई पोटात. म्हणजे ईचा पत्ता डीच्या तोंडाशी असलेल्या तक्त्यात. तो एक सेक्टर गेला, तर ई ड्राइव्ह तिथंच असूनही सापडणार नाही. तात्यांच्या रानात जायची वाट आण्णांच्या बांधावरून, असा प्रकार. हे मी बोलून गेलो आणि घरात जरा शांतता झाली, कारण खऱ्या रानातही वाट तशीच आहे. त्या वाटेबद्दल दोघांनी आधीच स्टॅम्पवर लिहून घेतलं होतं.

(तुमचा लॅपटॉप गेल्या दहा वर्षांतला असेल तर त्यात बहुधा हा जुना तक्ता नाही. नव्या जीपीटी पद्धतीत साधारण 128 नोंदी बसतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. जुन्या पद्धतीला 2 टीबीच्या पुढची जागा मोजताही येत नव्हती. आमच्या दुकानाचं घोडं अर्थातच जुन्यावर अडलेलं.)

ई ड्राइव्ह तेवढा नव्या डिस्कवर उचलून ठेवता आला असता. पण त्याचा उपयोग नव्हता. तात्यांच्या पत्रिका ईवर, त्या पत्रिकांतले गणपती, कलश आणि सनईवाले डीवरच्या क्लिपआर्टच्या फोल्डरमध्ये, आणि अक्षरं सीवर बसवलेल्या फॉन्टमध्ये. हे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. आतमध्ये इंग्रजी अक्षरांचे नंबर आणि वर मराठी अक्षराचं चित्र. फॉन्ट नसेल तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरांचा आणि कंसांचा चिवडा दिसतो. महाराष्ट्रातल्या हजारो डीटीपी दुकानांत आजही मराठी अशीच साठवलेली आहे. एका पत्रिकेचे तीन अवयव तीन ड्राइव्हवर. भावाभावांनी सतरा वर्षं एकत्र काम केलं त्याचा हा नकाशा होता. तो मधून कापला तर दोन्ही अर्धे निकामी.

शेत वाटावंच लागतं, कारण ते एकच असतं. 46 गुंठे एकाला दिले की दुसऱ्याचे तेवढे कमी होतात. तुकडे फार बारीक होऊ नयेत म्हणून 1947 पासून कायदाही आहे. डिस्कचं तसं नाही. वाटायची गरजच नाही, दोघांना सबंध देता येते. हे सांगितल्यावर आण्णांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "दोघांना सबंध? मग वाटणी कसली?"

पण थांबायला वेळ नव्हता. डिस्क आजारी होती. सुरू करताना टिक टिक असा आवाज यायचा आणि एखादी फाईल उघडताना मशीन मिनिट मिनिट गप्प बसायचं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. त्यात 'वाट बघणारे सेक्टर' असा एक आकडा असतो, म्हणजे जे वाचता येईनात असे. तो शून्य असायला हवा. आमचा तीन आकडी होता.

क्लोनिंगसाठी बहुतेक जण क्लोनझिला वापरतात. तैवानमधल्या सरकारी संगणन केंद्रात तयार झालेलं, फुकट, आणि चांगलं. ते फक्त भरलेली जागा उचलतं, त्यामुळे लवकर होतं. पण ते धडधाकट डिस्कसाठी. मरणाऱ्या डिस्कसाठी डीडीरेस्क्यू. त्याची रीत मला माणसासारखी वाटते. पहिल्या फेरीत ते सोपं तेवढं भराभर उचलतं. अडलं की हट्ट न करता उडी मारून पुढे जातं आणि कुठे अडलं ते एका नोंदवहीत लिहून ठेवतं. सगळं हाती लागल्यावर मग परत फिरून अडलेल्या जागांच्या कडा कुरतडतं, शेवटी एकेक सेक्टर खरवडून काढतं. मध्ये लाइट गेली तरी नोंदवहीमुळे काम पुढून सुरू होतं. आष्ट्यात बसून हे करायचं असेल तर ही शेवटची सोय सगळ्यात महत्त्वाची.

मी 240 जीबीच्या दोन एसएसडी घेतल्या. आजारी डिस्क एकदाच वाचायची, तीही हात न लावता, म्हणजे तिच्यावर एक अक्षरही लिहायचं नाही. पहिली एसएसडी तिच्यावरून, दुसरी पहिलीवरून. लिनक्सवर कोणती डिस्क 'एसडीए' आणि कोणती 'एसडीबी' हे प्रत्येक वेळी तेच राहील याची खात्री नसते. त्यामुळे एंटर मारण्याआधी डिस्कवरचा सिरीयल नंबर डोळ्यांनी वाचायचा आणि पडद्यावरच्याशी जुळवायचा. इथं 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सतरा वर्षं कोरी होतात. मी नंबर मोठ्यानं वाचला, तात्यांनी लेबलवरचा वाचला, आण्णांनी कागदावर टिक केली. दोघं भाऊ बऱ्याच दिवसांनी एका कामाला लागलेले मी बघत होतो.

पहिली फेरी दीड तासात झाली. राहिलेलं रात्रभर चाललं. तात्या दोनदा उठून बघून गेले. सकाळी साधारण सव्वाशे केबी सोडून सगळं आलेलं होतं. न आलेले सेक्टर कोणत्या फायलींत पडतात ते हुडकलं. बरेचसे मोकळ्या जागेत होते. एकच फाईल कायमची गेली होती, 2011 मधल्या एका पतसंस्थेच्या पावतीपुस्तकाचा नमुना.

"जाऊंदे," तात्या म्हणाले, "ती पतसंस्थाच बुडाली की."

दुसरी प्रत काढण्याआधी एका गोष्टीवर मी अडून बसलो. डीवर 'स्कॅन' नावाचा फोल्डर होता. झेरॉक्सला आलेल्या लोकांची आधार कार्डं, पॅन, जातीचे दाखले, पासबुकं. लोक स्कॅन करून घेतात, प्रिंट घेऊन जातात, फाईल आमच्याकडे राहते. कुणी वाईट हेतूनं ठेवलेली नसते, नुसती राहून जाते. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत असे फोल्डर साचलेले आहेत आणि मला ते खटकतं. आपण प्रत काढतो तेव्हा या अनोळखी माणसांचीही प्रत काढतो, त्यांना न विचारता. आणि सेक्टरला सेक्टर क्लोन केला तर डिलीट केलेल्या फायलीही सोबत येतात, कारण डिलीट म्हणजे परत तेच, फक्त नोंद पुसणं. आण्णांचं म्हणणं, गिऱ्हाईक सहा महिन्यांनी येऊन तोच स्कॅन परत मागतं. माझं म्हणणं, पुन्हा स्कॅन करा, दहा रुपये घ्या. दहा रुपयांचा मुद्दा चालला. फोल्डर काढला, मोकळ्या जागेवर शून्यं लिहिली, मग दुसरी प्रत घेतली.

आता भांडण संपायला हवं होतं. सुरू झालं ते इथं.

फॉन्टच्या सॉफ्टवेअरला एक लॉक होतं. मशीनच्या मागे खोचायचं, अंगठ्याएवढं, प्लास्टिकचं. ते खोचलेलं असेल तरच सॉफ्टवेअर उघडतं. विकणाऱ्यानं एका मशीनसाठी एकच लॉक दिलेलं असतं आणि लायसन्सही तेवढंच. 15 कोटी 63 लाख सेक्टरांची प्रत एका रात्रीत झाली, त्या अंगठ्याएवढ्या तुकड्याची होत नव्हती. ज्याच्याकडे लॉक, त्याचं दुकान उद्या सकाळी सुरू. तात्यांच्या नव्या मशीनवर जुनी विंडोज एक्सपी चालणारच नव्हती. त्यांच्यासाठी एसएसडी म्हणजे नुसतं फायलींचं कोठार होतं. आण्णा म्हणाले, लॉक जुन्या मशीनचं आहे आणि जुनं मशीन जुन्या गाळ्यात. तात्या म्हणाले, लॉक आणायला 2007 साली सांगलीला मी गेलो होतो, एस्टीनं.

जमिनीच्या वेळी कुणाचा आवाज चढला नव्हता. या लॉकवरून दोन दिवस दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आई आणि काकी स्वयंपाकघरात नेहमीसारख्याच बोलत होत्या, त्यामुळे जेवणं वेळेवर झाली.

तोडगा आजीनं काढला. तिला फॉन्ट कळत नाही, पण एका विहिरीच्या दोन वाटण्या होत नाहीत हे तिनं तिच्या सासऱ्यांच्या काळात बघितलेलं. जुनी विहीर थोरल्याला, नवी खणायचा निम्मा खर्च त्यानंच धाकट्याला द्यायचा. तसं झालं. लॉक आण्णांकडे राहिलं. तात्यांनी त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती विकत घेतली, निम्मे पैसे आण्णांनी दिले आणि वाटणीच्या कागदावर एक ओळ वाढली. नव्या आवृत्तीत जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याची सोय आहे. तात्यांच्या फायली हळूहळू युनिकोड होत आहेत, आण्णांच्या अजून चिवड्यातच आहेत.

मूळ डिस्क कुणी ठेवायची यावरही थोडं झालं. मी सांगून बघितलं की ती आता तिन्हींतली सगळ्यात वाईट प्रत आहे, भोक पाडून टाकून देऊ, आत लोकांचे स्कॅन आहेत. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. ती आजीच्या ट्रंकेत आहे, कुलपात, जुन्या सातबाऱ्यांच्या खाली.

यंदाच्या उन्हाळ्यात मी घरी गेलो तेव्हा बॅकअप घ्यायला दोन्ही एसएसडी माझ्या लॅपटॉपला एकदम जोडल्या. विंडोजनं एक घेतली आणि दुसरी ऑफलाइन ठेवली. कारण तेच चार बाइट. डिस्कचा ओळख नंबर पहिल्या सेक्टरमध्येच असतो, क्लोन करताना तोही जशाच्या तसा आला होता. एकाच नंबरच्या दोन डिस्क विंडोज एका वेळी मानत नाही. 'ऑनलाइन' दाबलं तर ती दुसरीला नवा नंबर लिहून देते. पण आण्णांची डिस्क दुसरी ठरली असती तर पंचाईत होती. एक्सपी आपले ड्राइव्ह याच नंबरवरून ओळखते, नंबर बदलला की कधीकधी सुरूच होत नाही. म्हणून ते न दाबता मी लिनक्समध्ये जाऊन तात्यांच्या डिस्कचा नंबर बदलला. तिच्यावरून काही सुरू व्हायचं नसल्यानं तिला फरक पडत नाही.

तात्या शेजारी उभे होते. "नंबर बदलला तर माझ्या पत्रिका उघडतील का?"

उघडल्या.

दोन्ही डिस्क मग शेजारी शेजारी उघडून फोल्डर ताडून बघितले. दिवाळीपर्यंतचं सगळं सारखं. त्यानंतर वेगळं. आण्णांकडे 140 नव्या फायली, तात्यांकडे 200 च्या वर. तात्यांनी ते दोन आकडे मला दोनदा वाचायला लावले. एका यात्रेची पत्रिका दोघांनीही केलेली निघाली, दोन वेगवेगळ्या दरांत. कोणाची छापली गेली ते मी विचारलं नाही.

मी असतानाच बागणीचं एक गिऱ्हाईक आण्णांकडे आलं. लेटरपॅड हवं होतं, गेल्या वर्षीचंच, पण नवीन फोन नंबरवालं. आण्णांनी शोधलं. त्यांच्याकडे होता तो जुना नंबर. नंबर बदलून घेतला होता तो समोर, तात्यांच्या दुकानात, मार्चमध्ये. आण्णांनी जरा वेळ पडद्याकडे बघितलं. नवा नंबर टाइप करून काम झालंच असतं. मग त्यांनी कामावरच्या पोराच्या हातात पेन ड्राइव्ह दिला आणि म्हणाले, "जा, तात्याकडनं घेऊन ये." पोरगं वीस मिनिटांनी आलं, चहा पिऊन.